दोन मुठी सूर्य

नव्या घरात किंवा नव्या ऑफिसात गेलो की मी आधी उत्तर कुठे आहे ते शोधतो. बायको हसते. म्हणते, "वास्तुशास्त्र मानणारे तुम्ही नाही, मग हे काय?" मी नुसता हसतो. ही सवय मला एका माणसाने लावली. त्याने आयुष्यात एकदाच उत्तर दिशा चुकवली आणि त्या चुकीवर क्रिकेटचं एक ग्राउंड उभं राहिलं. त्याचं नाव दत्ताराम केळुसकर.

नव्वदच्या दशकात मी रुवैसला नोकरीला लागलो. अबू धाबीच्या पश्चिम टोकाला समुद्र, वाळवंट आणि रिफायनरी यांच्यामध्ये वसलेलं ते गाव. माझे वडील मंठ्याच्या मार्केट यार्डात हमाल होते. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. विमानात बसलेलाही पहिलाच. कंत्राटदार कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात पहिल्या दिवशी मला एक मोठा नकाशा समोर ठेवून "वाच" म्हणून सांगितलं गेलं. पाईप, टाक्या, रस्ते, आकडे, सगळ्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून मालवणीत आवाज आला.

"झिला, आधी उत्तर बघ. बाकीचा मागाहून."

उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशीचा माणूस. नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली. ते उठून आले आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या बाणावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे एक नव्हे, दोन बाण होते.

"हो प्लांट नॉर्थ, आणि हो खरो नॉर्थ. हे दोन वेगळे. घोटाळो करू नको. मी केलंय."

मला वाटलं, नवख्याला धीर द्यायला बोलले असतील. पण ऑफिसातले दोघेतिघे हसले आणि एकजण म्हणाला, "नॉर्थसाहेब, आजच सांगून टाका की त्याला!" केळुसकरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पेन्सिलीला टोक करायला बसले.

त्या दोन बाणांबद्दल मला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. मोठा कारखाना बांधताना रस्ते आणि टाक्या जमिनीच्या सोयीने, किनाऱ्याच्या कलाने आखतात. मग प्रत्येक नकाशा तिरका काढण्यापेक्षा कारखान्याच्या मुख्य रस्त्यालाच 'उत्तर' म्हणायचं ठरवतात. ती झाली प्लांट नॉर्थ. सोयीची उत्तर. खरी उत्तर तिच्यापासून बरीच बाजूला असते. आमच्याकडे ती जवळजवळ अर्ध्या काटकोनाने बाजूला होती. नकाशे काढणारी माणसं मात्र वर्षानुवर्षं त्या सोयीच्या उत्तरेतच जगतात.

पहिल्या शुक्रवारी केळुसकर मला म्हणाले, "क्रिकेट बघूक येतंस?" शुक्रवार सुट्टीचा. रूममध्ये बसून रडण्यापेक्षा बरं, म्हणून मी गेलो.

लेबर कॅम्पच्या मागे, शेवटच्या पोर्टाकॅबिनच्या, म्हणजे पत्र्याच्या तयार खोलीच्या, पलीकडे ते ग्राउंड होतं. हिरवं गवत शोधू लागाल तर एक पातं सापडलं नसतं. सगळी वाळू. पण ती भुसभुशीत नव्हती. दर गुरुवारी संध्याकाळी टँकरवाला राजीखुशीने बोअरचं खारं पाणी शिंपडून जाई. रात्रीतून मिठाचा पापुद्रा धरे आणि सकाळी जमीन पापडासारखी टणक झालेली असे. चेंडू तिच्यावरून सुंदर पळायचा. दुपारपर्यंत पायांखाली तिचा चुरा होऊन जाई. मधे काँक्रीटची लांबट पट्टी, तिच्यावर काथ्याचं मॅटिंग, ते ठोकायला फॅब्रिकेशनवाल्यांनी बनवलेले हातभर खिळे. रोलर म्हणजे काँक्रीट भरलेला जाड पाईप. कंपाउंड जुन्या पाईपांचं. आणि एका बाजूला स्टँड, स्कॅफोल्डिंगच्या, म्हणजे परांचीच्या, नळ्या आणि टाकाऊ फळ्या जोडून केलेला. चार पायऱ्यांचा. बसलं की करकर वाजे. सगळ्यात वरच्या फळीवर बसलं की समुद्राची निळी रेघ दिसायची आणि दूर रिफायनरीची ज्योत.

स्कोअरबोर्डला तुपाच्या डब्यांची झाकणं होती. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने आकडा, आणि टांगायला खिळे. कॅम्पच्या मेसमध्ये जेवढं तूप संपेल तेवढी झाकणं आम्हाला मिळत. मैदानात उंट शिरले तर खेळ थांबत नसे. चेंडू उंटाच्या पोटाखालून गेला तर डेड बॉल, असा नियम होता. टीमची नावं कामावरून पडलेली. वेल्डर, फिटर, स्कॅफोल्डर, आणि सगळ्यांना जिची धास्ती ती मेसवाल्यांची टीम, कारण त्यांच्याशी भांडलं की आठवडाभर डाळ पातळ.

मी पोहोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. दूरच्या कॅम्पांतल्या माणसांना बस पहाटेच आणून सोडायची आणि पुढे दुसऱ्या ड्यूटीला जायची. सगळे खेळाडू आले होते, स्टंप ठोकले होते, आणि खेळत कुणीच नव्हतं. सगळे स्टँडवर बसून चहा पीत होते. फक्त केळुसकर, डोक्यावर पांढरी हॅट, पिचच्या एका टोकाला उभे. त्यांनी एक हात सरळ समोर ताणला, मूठ वळून क्षितिजावर टेकवली. मग तिच्यावर दुसरी मूठ ठेवली. थोडा वेळ तसेच उभे राहिले. हात खाली केले. पुन्हा येरझाऱ्या.

मी जवळ जाऊन विचारलं, "काका, मॅच कधी सुरू होणार?"

"माका काय विचारतंस? सूर्याक विचार."

स्टँडवरून एक धिप्पाड पठाण ओरडला, "ओ बच्चे, इधर आ जाओ! जब तक सूरज दो मुट्ठी ऊपर नहीं आएगा, नॉर्थ साब किसी के बाप का नहीं सुनेगा!"

तो गुल जमान. पेशावरकडचा, स्कॅफोल्डिंगचा फोरमन. हा स्टँड त्यानेच बांधलेला. त्याच्या शेजारी मोठ्या केटलीतून चहा ओतत असलेला बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस म्हणजे मोईदू, मलबारचा, मेसमध्ये कामाला. चहा ओतताना तो मान किंचित डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने ग्लासाकडे बघायचा. त्याने मला काळा, लिंबाचा सुलेमानी चहा दिला आणि मैदानाकडे बघून हाक मारली.

"केळुसकर! चाय?"

"नंतर."

दर शुक्रवारी हे दोन शब्द असेच व्हायचे. नंतर म्हणजे कधीच नाही, हे मला हळूहळू कळलं. सूर्य वर आला की केळुसकर अंपायर म्हणून उभे राहत, आणि जुम्म्याच्या नमाजाआधी खेळ आटपायचा असल्यामुळे तिथून थेट संपेपर्यंत उभेच. त्या स्टँडवर बसलेलं मी त्यांना कित्येक वर्षं पाहिलं नाही.

त्या चुकलेल्या उत्तरेची गोष्ट मला त्याच सकाळी गुल जमानने सांगितली. केळुसकर ऐकू येईल इतक्या अंतरावर होते, आणि तो मुद्दाम मोठ्याने सांगत होता.

कॅम्प नवा होता तेव्हाची गोष्ट. पोरं वाळूत खेळायची, चेंडू उसळायचा नाही. एक दिवस जवळच्या पायाचं काम संपलं आणि मिक्सरमध्ये काँक्रीट उरलं. ते तसंही वाळवंटात ओतून टाकायचं होतं. ड्रायव्हर ओळखीचा होता, म्हणाला, कुठे ओतू सांगा, पण लवकर सांगा. गुल जमानने फळ्यांची चौकट आणली, मोईदूने सळया बांधल्या. मोईदू तेव्हा वेल्डर होता, पाईपवर त्याची शिवण बघायला इंजिनियर थांबायचे. दिशा ठरवायचं काम केळुसकरांकडे आलं. क्रिकेटचं पिच उत्तर-दक्षिण हवं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन कुणाच्या डोळ्यांत जात नाही, हे तिथे फक्त त्यांनाच माहीत होतं. मिक्सर घरघरत होता, काँक्रीट घट्ट होत चाललं होतं. केळुसकरांनी कॅम्पच्या रस्त्याकडे पाहिलं. रोज नकाशात ज्या रस्त्याला ते उत्तर म्हणत, तोच हा रस्ता. त्यांनी त्याला समांतर दोरी ताणली आणि म्हणाले, "ओता!"

काँक्रीट वाळून मॅटिंग येईपर्यंत थंडी आली. थंडीत सूर्य आग्नेयेला उगवतो. आणि पिच नेमकं आग्नेयेकडे तोंड करून पडलेलं. पहिल्या शुक्रवारी, पहिल्याच षटकात, मोईदू बॅटिंगला उभा होता. समोरून पळत येणाऱ्या गुल जमानच्या डोक्यामागे सूर्य होता. मोईदूला चेंडू दिसलाच नाही.

त्याचा डावा डोळा राहिला, पण त्यात फक्त उजेड उरला. अशा डोळ्याने वेल्डिंग होत नाही. कंपनीने घरी पाठवायचं ठरवलं होतं. केळुसकर कॅम्प बॉसच्या दारात जाऊन बसले, बसूनच राहिले, आणि शेवटी मोईदूला मेसमध्ये घेतलं गेलं.

"बॉल मेरा था," गुल जमान म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "मगर ये कहता है, पिच मेरा था."

मोईदू केटली खाली ठेवून म्हणाला, "आँख तो मेरा था. तुम दोनों काहे को झगड़ा करता है?"

सगळे हसले. मी मैदानाकडे पाहिलं. केळुसकर दोन मुठी एकमेकींवर ठेवून उभे होते. मग त्यांनी हात खाली करून शिट्टी वाजवली. सूर्य दोन मुठी वर आला होता.

नंतर एकदा, धीर करून, मी त्यांना विचारलं, "काका, सूर्य कुठे उगवतो ते रोज दिसत होतं ना?"

"दिसत होता रे. रोज दिसत होता. पण ड्रॉइंगवर होता ता मी खरा मानलंय."

या विषयावर याहून जास्त मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही.

पण त्यांच्या वागण्यात ते सगळीकडे दिसायचं. कोणताही नवा कागद बोर्डावर लावला की आधी खऱ्या उत्तरेचा बाण काढायचे, ठळक. मग दुसरं काही. त्यांच्या रूममध्ये तर कमालच होती. आपल्याकडे उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत. केळुसकरांना त्या अपघातानंतर लक्षात आलं, की पोर्टाकॅबिन रस्त्याला समांतर, म्हणजे इतके दिवस आपण समजत होतो ती दिशा खोटी. त्यांनी होकायंत्र लावून पलंग फिरवला. तो खोलीत तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्यात आला. त्यांचे रूममेट साताऱ्याचे शिंदे, क्रेन ऑपरेटर. मला पाहिलं की त्यांचा एकच तक्रारीचा पाढा.

"अहो इंजिनियर, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा. माझी ट्रंक मी कुठं ठेवायची? ह्यांच्या उत्तरेत?"

"शिंदे, तुमच्या डोक्याचाच भला बघतंय," केळुसकर पडल्या पडल्या म्हणत. "तुम्ही पण पलंग फिरवा."

"दोन्ही फिरवले तर दारातनं कोण जाईल? सिद्धीवाला चांगदेव?"

शिंद्यांनी ट्रंक अखेर पलंगाखाली ढकलली आणि दहाएक वर्षं त्या तिरक्या पलंगाला वळसा घालून ये-जा केली. पलंग सरळ करा असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

दोन मुठींचा नियम सगळ्यांनाच पटायचा असं नाही. खेळाला वेळ कमी पडे. डाव छोटे करावे लागत. एकदा कुणीतरी तोड काढली की सकाळी सगळी बोलिंग दुसऱ्या टोकाने करू, म्हणजे बॅट्समनच्या पाठीला ऊन येईल. केळुसकर म्हणाले, "आणि टाकणाऱ्याच्या तोंडार? मारणाऱ्याचो डोळो वाचवन टाकणाऱ्याचो घालवचो?" विषय संपला.

एका वर्षी फायनलला कंपनीचे जनरल मॅनेजर प्रमुख पाहुणे म्हणून आले. मुंबईचे, कॉलेजात क्रिकेट खेळलेले. त्यांना पुढे अबू धाबीला विमान गाठायचं होतं. कोट घालून ते भल्या सकाळी हजर झाले. दोन्ही कॅप्टन तयार, आणि अंपायर मुठी मोजत उभा.

"व्हॉट इज धिस, केळुसकर? यल्ला, चला, स्टार्ट करा."

"साहेब, सूर्य यायचा आहे."

"सूर्य केव्हाच आलाय!"

"वर यायचा आहे."

साहेबांसमोर असं बोलण्याची कुणाची हिंमत नव्हती. साहेबांचा चेहरा लाल झाला. केळुसकरांनी कुणाची तरी बॅट घेतली, साहेबांच्या हातात दिली आणि अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, तुम्ही क्रीजमध्ये उभे राहा. मी अंडरआर्म टाकतो. टेनिसचा बॉल. दिसला तर लगेच मॅच सुरू."

साहेब चिडून तरातरा गेले, गार्ड घेतला. केळुसकरांनी हळूच चेंडू टाकला. तो साहेबांच्या टायवर येऊन आदळला. साहेबांनी बॅट उचललीही नव्हती. ते डोळे मिटत, उघडत थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग बॅट परत करून स्टँडवर येऊन बसले. "मोईदू, एक चाय दे," म्हणाले. त्या दिवशी ते विमानाचं विसरले की गाडीवाल्याने नंतर वेगात नेलं, मला ठाऊक नाही. पण साहेब शेवटपर्यंत थांबले.

मी तिथे राहू लागलो तसं मला एक जाणवत गेलं. त्या ग्राउंडची गंमत खेळात जेवढी होती तेवढीच त्या थांबण्यात होती. एरवी आठवडाभर कोण कुणाशी बोलायचं? बंगाली बंगाल्यांत, मलबारी मलबाऱ्यांत, पठाण पठाणांत, आपले कोकणातले आणि घाटावरचे आपल्यात. सायटीवर तर फक्त आरडाओरडा. पण शुक्रवारी सूर्य वर येईपर्यंत त्या करकरणाऱ्या फळ्यांवर दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं. मग गावच्या गोष्टी निघायच्या, फोटो एकमेकांच्या हातांतून फिरायचे. कुणाच्या घरून आलेले लाडू, कुणाचा हलवा. माझ्या वडिलांना पहिल्यांदा चष्मा लागला ही बातमी मी आधी गुल जमानला सांगितली होती. माझ्या लग्नाची पत्रिका पहिली वाचली गेली तीही त्या स्टँडवर, आणि तिथे मराठी येणारे फक्त तिघे होते.

केळुसकर मात्र मैदानात, एकटे, उन्हाकडे तोंड करून.

पिच सरळ का करत नाही, असं लोक त्यांना विचारायचे. त्याचं उत्तर सोपं आणि वाईट होतं. रिफायनरीच्या आसपास हातभर खणायचं तरी लेखी परवानगी लागते, जमिनीखाली केबल असतात. पहिलं काँक्रीट कुणाला न विचारता ओतलेलं. नव्यासाठी परवानगी मागायची तर जुनं आहे हे कबूल करायला हवं. आणि कबूल केलं तर सेफ्टीवाले म्हणणार, काढून टाका. "पिच सरळ करूक गेलंय तर ग्राउंडच जायत," ते म्हणायचे. त्यांना पिच सरळ हवं होतं. निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला जायच्या आधी हवं होतं. तेवढी एकच इच्छा त्यांच्या तोंडून मी ऐकली. पण त्यासाठी मोईदूची चहाची केटली आणि गुल जमानचा स्टँड पणाला लावायला त्यांचं मन धजत नव्हतं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. केळुसकरांचा साठावा जवळ आला होता. साठ झाले की व्हिसा संपतो, म्हणजे खलास, घरी. त्या वर्षी कॅम्पला पाण्याची नवी लाईन टाकायचं काम निघालं आणि तिचा नकाशा केळुसकरांच्याच टेबलावर आला. मी तेव्हा त्याच कामावर इंजिनियर होतो. लाईनची रेघ त्यांनी स्वतः आखली, आणि ती कशीही आखली तरी ग्राउंडला कापून जात होती. सरळ आखली तर पिचच्या मधून. थोडी वळवली तर पिच वाचत होतं, आणि नकाशात त्याचं नावही घ्यावं लागत नव्हतं. वळवायला कुणाची हरकत नव्हती. मी हळूच तसं म्हणालोही.

ते दोन दिवस त्या कागदासमोर बसून होते. मग त्यांनी लाईन सरळ काढली. ती जिथे पिचला कापत होती तिथे एक चौकोन काढून लिहिलं, 'सध्याचा काँक्रीटचा स्लॅब.' शेजारी खऱ्या उत्तरेचा बाण.

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर इजिप्तचे होते. जाडजूड, दाढीवाले, कडक. नकाशावर सही करताना त्यांचं बोट त्या चौकोनापाशी थांबलं. हा स्लॅब कसला, त्यांनी विचारलं. कुठल्याच जुन्या नकाशात नाही.

मी केळुसकरांच्या मागे उभा होतो. त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती. ते इंग्रजीत बोलले, तुटक, पण स्वच्छ.

"सर, क्रिकेट पिच. परवानगी नाही. मी टाकलं. चुकीच्या दिशेला टाकलं. एका माणसाचा डोळा गेला."

साहेबांनी चष्मा काढला. किती वर्षांपूर्वी, विचारलं. केळुसकरांनी सांगितलं. तो माणूस आता कुठे आहे? मेसमध्ये, सर. तुमच्यासाठी सकाळी चहा आणतो तो.

साहेब खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, आता ग्राउंड गेलं. स्टँड, झाकणं, सगळं.

"मोईदू?" साहेब म्हणाले. मग पेन उचलून त्यांनी त्या चौकोनाशेजारी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, की खोदकामात स्लॅब तुटेल तो पोटकंत्राटदाराने नव्याने बांधून द्यावा, 'दिशा केळुसकर सांगतील त्याप्रमाणे.' आणि वर बघून म्हणाले, "धिस टाइम, करेक्ट नॉर्थ. इन्शाल्ला."

बाहेर आल्यावर केळुसकर जिन्यातल्या खिडकीला धरून उभे राहिले. मी पाणी आणायला गेलो. परत आलो तर तिथे नव्हते. मेसच्या दारात उभे होते, आत न जाता.

नव्या पिचची दिशा त्यांनी तीन वेगवेगळ्या रीतींनी काढली. एकदा मोजणीच्या यंत्राने, एकदा होकायंत्राने. आणि तरी समाधान झालं नाही म्हणून शुक्रवारी भर दुपारी मैदानात एक स्टंप उभा ठोकून त्याच्या सावलीपाशी बसले. सगळे नमाजाला गेलेले. मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून खुत्बा, म्हणजे इमामाचं प्रवचन, ऐकू येत होता. सावली लहान लहान होत गेली आणि एका क्षणी जणू थांबली. सगळ्यात आखूड सावली नेमकी उत्तरेला पडते. त्यांनी तिच्या टोकावर खडा ठेवला. मग तिन्ही रीतींनी ताणलेल्या दोऱ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. त्या जुळल्या.

"झिला, आता सूर्यान पण सांगितलान," ते म्हणाले. डोळे पुसले, आणि वर "वाळू गेली" असंही म्हणाले. वारा अजिबात नव्हता.

नवं पिच त्यांच्या जाण्याच्या आदल्या शुक्रवारी खेळायला तयार झालं. आदल्या दिवशी ते सगळ्यांना सांगत फिरले, उद्या उजाडताच खेळ सुरू, थांबायचं नाही, पूर्ण वीस षटकांची मॅच. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

मी पोहोचलो तेव्हा ते पिचच्या टोकाला उभे होते, हॅट, शिट्टी, सगळं जय्यत. सूर्य क्षितिजावर आला. पण तो आता पिचच्या बाजूला होता. कुणाच्याही डोळ्यांत जात नव्हता. केळुसकरांनी शिट्टी वाजवली.

स्टँडवर कुणी हललं नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा वाजवली. वेल्डरांचा कॅप्टन चहा पीत होता, तो पीत राहिला. फिटरांच्या कॅप्टनच्या हातात कुणाच्या तरी मुलीचा फोटो होता. गुल जमान सगळ्यात वरच्या फळीवर पाय पसरून बसला होता.

"क्या हुआ? यल्ला!" केळुसकर ओरडले. "सूरज अब आँख में नहीं आता!"

"आता नहीं," गुल जमान वरून म्हणाला. "मगर दो मुट्ठी हुआ नहीं ना, नॉर्थ साब."

कुणी हसलं नाही. सगळे नुसते त्यांच्याकडे बघत होते, आणि चहा पीत होते. ठरवून केलेलं असावं असं मला त्या क्षणी वाटलं, पण नंतर विचारलं तर कुणीच काही ठरवलं नव्हतं. सवयच होती.

केळुसकर थोडा वेळ तिथेच उभे राहिले. त्यांनी नकळत हात समोर केला, मूठ वळली, आणि मग ती उघडून खाली सोडली. इतकी वर्षं जिथे उभे राहिले त्या जुन्या टोकाकडे एकदा पाहिलं. तिथे आता नुसती वाळू होती. मग हॅट काढून हातात घेतली आणि चालत स्टँडकडे आले. पहिल्या फळीवर लोक सरकले. ते बसले. फळी करकरली.

मोईदूने केटली उचलली. मान डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने ग्लास पाहिला, ओतायला लागला, आणि मधेच थांबला. इतक्या वर्षांत त्याला माहीतच नव्हतं.

"केळुसकर," तो म्हणाला, "चीनी कितना?"